आधी माझ्या हाताला

कोणी माझ्यासमोर तेलाची बाटली उघडली की माझा डावा हात आपोआप पदराआड जातो. दुकानातली मुलगी गोड आवाजात म्हणते, "मॅडम, एकदा लावून तर बघा," आणि मी दोन पावलं मागे सरते. तिला वाटत असेल, बाई चिक्कू दिसते. या हातावर विमलताईंचे किती प्रयोग झालेत ते तिला कुठून माहीत असणार?

विमलताई सोनवणे. पिरंगुटच्या ज्या कारखान्यात मी डिस्पॅचला होते, तिथे त्या कच्च्या मालाच्या तपासणीला होत्या. आमच्याकडे क्रीम, लोशन, बाळाची पावडर असला माल तयार व्हायचा. विमलताई मूळच्या चाळीसगावकडच्या, यजमानांच्या नोकरीपायी इकडे आलेल्या. बुटका बांधा, इस्त्रीची सुती साडी, ठसठशीत कुंकू. चेहऱ्यावर कायम असा भाव, की समोरच्याने आत्ताच काहीतरी लपवलंय. नव्या माणसाला वाटायचं, आपलं काय चुकलं? काही चुकलेलं नसायचं. पण चुकणार आहे याची बाईंना खात्री असायची.

सुट्टे पैसे घेताना त्या नोट उजेडात धरत. डब्यातली भाजी कोणी पुढे केली तर आधी वास घेत, मग विचारत, "कधी केलीस?" 'आज सकाळी' म्हटलं तर पुन्हा वास घेत. कंपनीच्या बसमध्ये त्यांची जागा ठरलेली होती, ड्रायव्हरच्या मागची, कारण तिथून आरशात त्याचे डोळे दिसत. तो पेंगतोय का, यावर त्यांचं लक्ष असे. ड्रायव्हर म्हणायचा, "सोनवणेबाई बसल्या की मला झोपायची काय टाप!"

पण त्यांचा खरा संशय होता तो अंगाला लावायच्या वस्तूंवर. आणि गंमत बघा, जी बाई दिवसभर क्रीमचा कच्चा माल तपासायची, तिच्या घरात क्रीमची एक डबी नव्हती. होती ती तेलं. खोबरेल, तिळाचं, करंजाचं, बदामाचं. तीही विश्वासाने ठेवलेली नाहीत, नजरकैदेत ठेवल्यासारखी ठेवलेली. कारखान्यात पिंपांमधून येणारं बिनवासाचं, पाण्यासारखं खनिज तेल त्यांनी रोज पाहिलेलं. त्यात चार थेंब बदामाचे आणि वर बदामाचं चित्र, एवढ्यावर किती बाटल्या खपतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "लेबल म्हणजे काय गं, कागदच ना," त्या म्हणायच्या. "वास खोटं बोलत नाही. पण वाससुद्धा बाजारात मिळतो."

म्हणून त्यांची स्वतःची पद्धत होती. कुठलंही तेल आलं की त्या डाव्या हाताची बाही वर करायच्या. "आधी माझ्या हाताला." कोपराच्या आतल्या बाजूला एक टिपूस, त्याभोवती बॉलपेनने गोल, आणि शेजारी अक्षर. ख म्हणजे खोबरेल, त म्हणजे तीळ. उद्यापर्यंत तो हात साबणाला लागू द्यायचा नाही. त्यांचं दंड-मनगट सदा या गोलांनी भरलेलं असायचं. नवीन आलेल्या मॅनेजरला वाटलं होतं, बाईंनी गोंदवून घेतलंय. आणि त्यांच्या हातावर जागा उरली नाही की त्या माझा हात धरायच्या. "सुनीता, इकडे ये. दुसरं मत लागतं."

हसायला येतं, पण यामागे मंजू होती. त्यांची एकुलती एक मुलगी. तिची कातडी लहानपणापासून कोरडी, कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या घड्यांत खाज. रात्ररात्र खाजवायची, सकाळी चादरीला रक्ताचे ठिपके. कोणीतरी सांगितलं म्हणून विमलताईंनी औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. डॉक्टरला न विचारता. चार दिवसांत खाज थांबली, बाईंना देव भेटल्यासारखं झालं. मग तीच ट्यूब महिनोन् महिने चालली. आणि मंजूच्या मानेची, गालांची कातडी पातळ होत गेली, लाल पडली, उन्हात उभं राहिलं तरी आग. शेवटी पुण्याला त्वचेच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी बाईंना चांगलं फैलावर घेतलं, ती स्टिरॉइडची ट्यूब हळूहळू बंद करायला लावली, आणि म्हणाले, वास नको, रंग नको, साधं शुद्ध तेल चालेल, तेही आधी जरासं लावून, एक दिवस थांबून. कोणाला लावून, हे त्यांनी वेगळं सांगितलं नसावं. विमलताईंनी ते स्वतःवर घेतलं.

त्या दिवसापासून जगातल्या प्रत्येक बाटलीत त्यांना ती ट्यूब दिसायला लागली.

एकदा कारखान्याच्या गेटवर एक विक्रेता आला. टाय लावलेला, हातात बॅग, तोंडात वनौषधींची नावं. सुटीच्या वेळी बायकांचा घोळका जमला. विमलताई मागे उभ्या राहून ऐकत होत्या. त्याचं संपल्यावर पुढे झाल्या.

"शुद्ध आहे?"

"शंभर टक्के, ताई."

"मग लावा. तुमच्या तोंडाला."

"ताई, हे लेडीजचं आहे."

"कातडीत लेडीज-जेंट्स असतं का? लावा, आम्ही थांबतो."

आम्ही थांबलो. बिचाऱ्याने लावलं. पाच-दहा मिनिटांत त्याच्या भुवया लाल झाल्या, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी तो "थंड वाटतंय, थंड वाटतंय" म्हणत होता. शेवटी बाईंनीच त्याला नळावर नेलं, पदराने तोंड पुसायला दिलं आणि विचारलं, "घरी बायकोला देता का हे?" तो म्हणाला, "नाही." विमलताईंनी आमच्याकडे असं पाहिलं, की खटला निकाली निघाला.

कँटीनचा फ्रिजही त्यांनी असाच ताब्यात घेतला होता. शुद्ध खोबरेल गारठलं की दगडासारखं घट्ट व्हायला हवं, वर पातळ थर राहिला तर भेसळ, म्हणून दर नव्या बाटलीला तिथे मुक्काम. कँटीनवाल्या आण्णांनी एकदा त्यातलंच तेल चुकून साहेबांच्या पाहुण्यांच्या पोह्यांना फोडणीला घातलं. पाहुणे म्हणाले, वा, कोकणातली चव! आण्णा खूश. विमलताई मात्र दोन दिवस चौकशी करत होत्या, पाहुण्यांना पित्त वगैरे उठलं नाही ना. उठलं नाही कळल्यावर म्हणाल्या, "म्हणजे तेल बरं असावं." याहून मोठं प्रशस्तिपत्र मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

तर अशा बाईंची गाठ हिराबाईंशी पडली. आमची बस परतीला नांदे-चांदे ही गावं करत महाळुंग्याकडे जायची, आणि चांद्याच्या थांब्याजवळ हिराबाईंचं घर. शेळ्या-मेंढ्यांचं खांड, थोडी शेती, आणि उतारावरच्या वावरात खुरासणी, म्हणजे कारळं. पिवळ्या फुलांची, बारीक काळ्या दाण्याची. त्याचं तेल त्या घरी खायला वापरत आणि अंगालाही तेच लावत. आमच्यातल्या एकीने सांगितलं, मेंढ्यांमागं उन्हातान्हात हिंडूनही त्या बाईच्या हातापायाला भेग नाही. विमलताईंनी ऐकलं आणि लगेच संशय घेतला. पण संशय घेतल्यावर शहानिशा केल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. मला बरोबर घेऊन त्या चांद्याला उतरल्या.

हिराबाई उंच, काटक, आवाज रानात घुमणारा. विमलताईंनी बाटली उजेडात धरली, वास घेतला, बोटावर चोळलं.

"यात काय काय आहे?"

"खुरासणी हाय."

"आणखी?"

"आनखी काय असनार? तेलात तेल हाय."

"घाण्यावर दुसऱ्या कोणाचे दाणे मिसळत असतील."

हिराबाईंनी कमरेवर हात ठेवले. "बाई, तुमी पोलिसात व्हता का?"

मला हसू आवरेना. विमलताईंनी शांतपणे बाही वर केली, टिपूस लावला, गोल काढला, शेजारी 'खु' लिहिलं. हिराबाई ते सगळं डोळे मोठे करून बघत होत्या. "ह्ये काय मंतरबिंतर हाय का?" असं त्यांनी मला हळूच विचारलं. म्हणजे संशयाच्या बाबतीत दोघी तोडीस तोड.

दुसऱ्या दिवशी हात स्वच्छ. त्यानंतर मंजूच्या पायाला, मग कोपराला. मंजूची कातडी बरी झाली असं मी म्हणणार नाही, विमलताईंनी तर म्हणूच दिलं नसतं. पण शांत झाली. ती पूर्ण बाह्यांचे ड्रेस सोडून अर्ध्या बाह्या घालायला लागली, आणि ते पहिल्यांदा बघितलं त्या दिवशी बसमध्ये विमलताई खिडकीकडे तोंड करून बराच वेळ डोळे पुसत होत्या. मला म्हणाल्या, धूळ गेली.

तेल लागू पडलं म्हणून संशय गेला का? छे. उलट आता जपायला काहीतरी होतं. दर हंगामात दाणे घाण्यावर जाताना विमलताईंनी आपलं माणूस तिथे बसवायचं ठरवलं. पोतं फुटल्यापासून डबा बंद होईपर्यंत डोळ्यांदेखत. आमची सुटी गुरुवारची आणि त्यांना वेगळी रजा मिळेना, म्हणून मंजूलाच पाठवायला लागल्या. तोवर ती कॉलेज संपवून हिंजवडीला नोकरीला लागली होती. रविवारी मोकळी असायची. हिराबाईंकडून पोतं घेऊन यायचा त्यांचा मुलगा संतोष. तोही हिंजवडीलाच एका कंपनीत कॉम्प्युटरवर. मंजू स्टुलावर बसून तेलाच्या धारेवर पहारा करायची, आणि संतोष मंजूवर.

तीन हंगाम हा पहारा चालला. तेलात काही मिसळलं गेलं नाही. बाकीचं जे व्हायचं ते झालं.

मंजूने घरी सांगितलं त्या दिवशी विमलताई कामावर आल्या. दुपारी डबा न उघडता मला म्हणाल्या, "सुनीता, मी तेलाकडे बघत राहिले गं." मी म्हटलं, "ताई, मुलगा चांगला आहे." त्यांनी माझ्याकडे त्या त्यांच्या नजरेने पाहिलं. "तुला कधीपासून माहीत होतं?" त्यानंतर महिनाभर संतोषची चौकशी चालली. ऑफिसात, गावात, त्याच्या सलूनवाल्याकडेसुद्धा. काहीच सापडलं नाही, याने त्या जास्तच अस्वस्थ झाल्या. पण मुलीपुढे चालेना. लग्न ठरलं, पिरंगुटच्याच एका कार्यालयात.

आता हळदीचं सांगते. आमच्याकडे हळद आधी नवरदेवाला लावतात आणि त्याच्या अंगाची उरलेली, उष्टी हळद मुलाकडच्या बायका वाजतगाजत नवरीला आणून लावतात. चांद्याच्या बायका ताट घेऊन आल्या, पुढे हिराबाई, नवं हिरवं लुगडं, चेहरा आनंदाने फुललेला. आणि नवरीच्या खोलीच्या दारात विमलताई आडव्या.

"हळद कुठली?"

"कुटली म्हंजी? हळद हाय. आमच्या घरची, जात्यावर दळल्याली."

विमलताईंनी ताटावर नाक नेलं. मग बोटाने थोडी घेऊन चोळली. बोट पिवळंजर्द झालं, जरा जास्तच. "सगळी घरची?"

मागून एक आत्याबाई चाचरत बोलली, "कमी पडली म्हनून बाजारातली पुडी टाकली थोडी. वासाची, नवरीची म्हनून मिळती ती."

वासाची! विमलताईंचा चेहरा पांढरा पडला. "ही नाही लावायची."

वाजंत्री थांबली. हिराबाईंचा आवाज चढला. "विहीनबाई, माज्या पोरानं अंगभर लावलीया ही. त्याला काय न्हाई झालं. आमची उष्टी हळद दारातनं परत धाडताय? लगीन करायचंय का न्हाई तुमास्नी?"

"तो तुमचा आहे. ही माझी आहे," विमलताई म्हणाल्या. मग त्यांनी शालूवरच्या ब्लाउजची बाही वर केली आणि माझ्याकडे हात केला. "पेन दे. आधी माझ्या हाताला."

मांडवात कुजबुज सुरू झाली. भटजी घड्याळ बघायला लागले. चांद्याच्या दोघी-चौघी पाय आपटत मागे वळल्या. त्या क्षणी मला खरंच वाटलं, मोडतंय हे लग्न. विमलताईंनी हातावर हळदीचा ठिपका लावला आणि पेनने गोल काढायला घेतला.

खोलीतून पिवळ्या साडीतली मंजू बाहेर आली. आईच्या हाताकडे बघत राहिली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "आई, तुझ्या हाताला आजवर कधी काही झालंय का गं?"

पेन थांबलं. गोल अर्धाच राहिला. विमलताईंनी मुलीकडे पाहिलं आणि त्यांचा तो जन्माचा करारी चेहरा एकदम सैल पडला. खरंच होतं. इतक्या वर्षांत त्यांच्या हाताला कशानेच कधी काही झालं नव्हतं. ती ट्यूबसुद्धा त्यांनी आधी स्वतःच्या हाताला लावून बघितली होती, हे त्या मला कधीतरी बोलल्या होत्या. हाताला काही झालं नाही म्हणूनच त्यांनी ती मुलीला लावली होती.  

पुढे झाल्या त्या हिराबाई. ताट त्यांनी आत्याबाईच्या हातात कोंबलं. "धर ह्ये. लाव तुझ्याच तोंडाला, लई वासाची आणलीस ती." मग भटजींच्या पुढ्यातली गंध उगाळायची सहाण उचलली, पूजेतलं एक हळकुंड घेतलं आणि विमलताईंसमोर धरलं. "बघा. ह्ये तरी चालतंय का?" विमलताईंनी वास घेतला. होकाराची मान हलवली. हिराबाई तिथेच जमिनीवर बसल्या आणि हळकुंड उगाळायला लागल्या. उगाळलेली हळद वाटीत काढून वरून आपल्या डब्यातलं खुरासणीचं तेल घातलं. ती पिवळी वाटी घेऊन पलीकडच्या खोलीत गेल्या, मुलाच्या कपाळाला बोट टेकवलं आणि परत आल्या.

"झाली उष्टी. आता लावू का?"

"पायाला," विमलताई म्हणाल्या. "पायाला आणि हाताला. तोंडाला नको."

"बरं, पायाला."

वाजंत्री पुन्हा सुरू झाली. संध्याकाळी मंजूच्या मानेवर जरासं लाल आलं होतं. ते त्या वासाच्या हळदीने, जी कोणीतरी वाऱ्यावर उडवली असणार, असं विमलताईंचं मत. नव्या दागिन्याने, असं हिराबाईंचं. यावर दोघींचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

मी विमलताईंना शेवटचं नीट पाहिलं ते दोन हजार दहाच्या थंडीत. मी नोकरी सोडून गावी निघाले होते आणि त्या म्हणाल्या, "जाण्याआधी चांद्याला चल, नात बघून घे." मंजूला मुलगी झाली होती. बाळंतपण माहेरी झालं, आणि तेवढा काळ विमलताईंनी बाळाच्या अंगाला कोमट पाण्याखेरीज काहीही लागू दिलं नव्हतं. आता सासरी आली होती आणि हिराबाई नातीला तेल लावायला आसुसल्या होत्या.

आम्ही गेलो तेव्हा त्या अंगणात उन्हाला पाय पसरून बसल्या होत्या आणि बाळ त्यांच्या पायांवर उघडं. शेजारी तेलाची वाटी, काजळाची डबी. मंजू उंबऱ्यात उभी, आईकडे बघत. हिराबाईंनी वाटी वर उचलली. चिडून नव्हे, जरा थट्टेनेच.

"घ्या विहीनबाई. आधी तुमच्या हाताला. पेन देऊ का?"

विमलताईंनी वाटी घेतली. वास घेतला. बाहीकडे हात गेला, आणि तिथेच राहिला.

"माझ्या हाताला काही कळत नाही, हिराबाई," त्या म्हणाल्या. "तिच्याच पायाला टिपूसभर लावा. उद्या बघू."

मला वाटलं, आता हिराबाई उसळणार. नातीला न्हाऊमाखू घालायला महिनाभर वाट बघितलेली बाई. पण त्यांनी बोटाच्या टोकावर एक थेंब घेतला आणि बाळाच्या पोटरीला लावला. मग काजळाच्या डबीत करंगळी बुडवली आणि त्या थेंबाभोवती एक बारीक गोल काढला. बाळाला दुपट्यात गुंडाळलं. वाटीवर झाकण ठेवलं.

"उद्या सकाळच्या गाडीनं या," म्हणाल्या. "तवर मी बी हात लावत न्हाई."

विमलताई निघायला उठल्या. बाळाच्या कपाळावरून हात फिरवला आणि जाता जाता काजळाची डबी उचलून तिचा वास घेतला. हिराबाईंनी ते पाहिलं, आणि मान वळवून बाळाचं दुपटं सारखं करत बसल्या.